न मोजलेली पुनव

पूर्णगडात कालवं खायला कुणाला शिकवावं लागत नाही. पोराला दात आले की आई खाडीकाठच्या खडकावर, खडपावर, बसल्या बसल्या कोयतीनं शिंपला उघडते आणि आतला मऊ गोळा त्याच्या तोंडात घालते. त्यामुळे गंगाराम डोर्लेकराचा हरिश्चंद्र मुंबईत कालवांवर मोठा ग्रंथ लिहितो आहे ही बातमी गावात आली, तेव्हा सखाराम तांडेल पोट धरून हसला. हसून झाल्यावर त्यानं पुन्हा एकदा खात्री करून घेतली आणि पुन्हा हसला.

"काखेत कळसा नि गावाला वळसा! आरं, कालवांचं काय ता आमाला इचार. कोयती मार, उघड नि गिळ. झाला तुजा ग्रंथ!"

हरिश्चंद्र मे महिन्यात घरी आला की हे ऐकून घ्यायचा आणि हसायचा. उलट बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं. पण चिकाटी म्हणाल तर ती कालवाकडूनच शिकावी तशी होती. एकदा खडकाला लागला की लागला.

एकवीस साली तो सोळा वर्षांचा असताना मुंबईच्या आगबोटीत बसला. बाप फतेमारीवर खलाशी होता. एका पावसाळ्याच्या तोंडाशी मलबारहून परतताना फतेमारी गेली आणि तिच्यावरचे सात जणही गेले. घरात उरली ती आई येसूबाई आणि व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला हा मुलगा. गावच्या एका माणसानं त्याला मुंबईत एका कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत हमालाच्या जागेवर चिकटवलं. काम काय, तर बरण्या धुवायच्या, बेडूक आणायचे, स्पिरिट ओतायचं, विद्यार्थी कापाकापी करून गेले की टेबलं पुसायची. दुसरा एखादा असता तर बरण्या धुऊन घरी गेला असता. हा बरण्यांवरच्या चिठ्ठ्या वाचायला लागला. चिठ्ठ्या इंग्रजीत, म्हणून रात्रशाळेत जाऊन इंग्रजी शिकायला लागला.

मॅट्रिक दुसऱ्या खेपेला झाला. सत्तावीस साली त्याच कॉलेजनं त्याला विद्यार्थी म्हणून घेतलं, पण नोकरी सोडायची नाही या अटीवर. मग एक गंमतच सुरू झाली. सकाळी सातला तो टेबलं मांडायचा, ट्रे लावायचा, बेडूक वाटायचा. अकरा वाजता हात पुसून त्यातल्याच एका टेबलाशी विद्यार्थी म्हणून बसायचा. तास संपला की उठून सगळ्यांचे ट्रे धुवायचा, त्यात स्वतःचाही. शेजारी बसणारी पोरं तासाच्या मध्येच म्हणायची, "ए डोर्लेकर, माझा बेडूक बदलून दे." हा आपला चाकू खाली ठेवून बेडूक बदलून द्यायचा. अपमान वाटायचा का? वाटायचा, न वाटायला तो काही दगड नव्हता. पण रागावण्यात अर्धा तास गेला तर तो अर्धा तास आणायचा कुठून, हा त्याच्यापुढचा खरा प्रश्न होता.

इंटरला एकदा नापास झाला. बत्तीस साली बी.एस्सी. झाला आणि हमालाचा डेमॉन्स्ट्रेटर झाला. मग एक वर्ष टायफॉइडनं खाल्लं. पस्तीस साली एम.एस्सी. झाला, तेव्हा तिशी उलटली होती, कानाजवळ केस पिकले होते आणि लग्नाचं नाव नव्हतं. मुलगी देणार कोण? जो तिसाव्या वर्षी शाळेत जातो त्याला कुणी पोरगी द्यायची का? गावातल्या बायका येसूबाईला पाणवठ्यावर विचारायच्या, "तुजा हरी अजून शाळंतच गे?" ती घागर डोक्यावर चढवत म्हणायची, "व्हय. शाळा मोठी हाय."

डॉक्टरेटचा विषय हरिश्चंद्रानं स्वतःच निवडला. मुचकुंदीच्या खाडीतलं कालव वर्षभरात किती वाढतं, कधी थांबतं, गोड्या पाण्यानं त्याचं काय होतं. त्याच्या प्रोफेसरसाहेबांना विषय आवडला. पण नोकरी मुंबईत आणि कालवं पूर्णगडात, मग दर महिन्याला मोजायचं कुणी? हरिश्चंद्रानं मे महिन्यात गावी येऊन खडपावरची चाळीस कालवं निवडली, त्यांच्यावर गलबताच्या तांबड्या रंगाचे ठिपके लावले आणि आईला म्हणाला, "आये, दर पुनवेला, सुकतीला पाणी ओसरलं की ही मोजशील?"

येसूबाईला अक्षर येत नव्हतं, आणि आकडे वीसपर्यंत. पण मोजायला आकडे लागतातच असं कुणी सांगितलं? तिनं आपली पद्धत काढली. माडाच्या झावळीतले हीर, पात्यांमधल्या काड्या, काढून सोलून वाळवायचे. कालवाच्या शिंपल्यावर हीर धरायचा आणि बरोबर लांबीवर कापायचा. पहिल्या कालवाचा हीर पहिला, दुसऱ्याचा दुसरा, असे चाळीस हीर सुंभाच्या दोऱ्यात ओळीनं विणले की वीतभर रुंदीची चटई व्हायची. सुरुवात कुठली ते कळावं म्हणून त्या टोकाला लाल चिंधी. एका पुनवेची एक चटई. कुठल्या महिन्याची ते शाळेच्या मास्तरांकडून एका चिठोऱ्यावर लिहून घ्यायची आणि चार-पाच चटया साठल्या की मुंबईला निघालेल्या कुणाच्या तरी वळकटीत द्यायची. हरिश्चंद्र प्रयोगशाळेत भिंग लावून हीर मोजायचा. साहेबांनी पहिली चटई हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. मग त्यांनी विलायती मोजपट्टीनं दहा हीर स्वतः तपासले आणि चटई जपून परत दिली.

आणि एक. खाडीकाठच्या गावात हाताशी असलेली चाळीस टपोरी कालवं कुणी सोडतं का? येसूबाईनं सगळ्यांना सांगून टाकलं की तांबडे ठिपके राखणदाराचे, गाव राखणाऱ्या देवाचे, आहेत. देवभोळी बाई, आयुष्यात खोटं बोललेली नव्हती. बोलली ती एवढंच, पण असं ठणकावून बोलली की सखाराम तांडेलसुद्धा त्या खडपावरून जाताना हात जोडायला लागला.

अशी तीन वर्षं गेली. अडतीस सालच्या एप्रिलात हरिश्चंद्र गावी आला तो टंकलिखित प्रबंध ट्रंकेत घेऊनच. जूनमध्ये विद्यापीठात द्यायचा होता. आठ प्रकरणं झाली होती, पण त्यातलं सातवं म्हणजे प्रबंधाचा जीव. छत्तीस सालच्या भाद्रपदात खाडीतली कालवं एकाएकी दुपटीनं वाढली होती. बाकी कुठल्याच महिन्यात असं नव्हतं. हरिश्चंद्रानं आलेख काढला तेव्हा रेघ त्या ठिकाणी उडी मारून वर गेली. त्यानं गाळाचा, पावसाचा, खारेपणाचा अभ्यास करून त्या उडीचं कारण शोधलं, आणि साहेब म्हणाले होते, "डोर्लेकर, बाकीचं कुणीही करील. हे प्रकरण तुमचं आहे."

दुपारची वेळ होती. येसूबाई पडवीत रातांबे फोडत बसली होती, हात कोपरापर्यंत लाल. हरिश्चंद्राला वाटलं, जिनं मोजलं तिला एकदा तरी सांगावं. तो पायरीवर बसून सातवं प्रकरण सोप्या भाषेत सांगायला लागला. श्रावणाच्या पुनवेपासून भाद्रपदाच्या पुनवेपर्यंत, एका महिन्यात, कालवं कशी दुपटीनं वाढली.

येसूबाईचा हात थांबला.

"एका म्हयन्यात? त्या वरसाला? आरं, त्या वरसाला भादव्याचा धोंडा व्हता ना!"

"म्हंजे?"

"म्हंजे काय? धोंडा म्हयना. आदी धोंडा भादवा, मागनं खरा भादवा. मी उपास धरला व्हता. म्हयनाभर मासळी नाय, खडपावर पाय नाय. धोंड्याची पुनव कोण मोजतं? सराधाला धरत नाय, लग्नाला धरत नाय. ती मी सोडली."

हरिश्चंद्राच्या हातातला कागद तसाच राहिला. क्षणभर त्याला नीट ऐकूच आलं नाही. मग सगळं एकदम कळलं आणि तोंडचं पाणी पळालं. दोन पुनवांमध्ये एक महिना नव्हता, दोन होते. कालवांनी उडी मारलीच नव्हती, दोन महिन्यांत दोन महिन्यांइतकीच वाढली होती. भरती-ओहोटी चंद्रावर चालते म्हणून त्यानं मोठ्या ऐटीत आलेख मराठी महिन्यांवर काढला होता, वर्षाला बारा खुणा. पण सतरा वर्षं मुंबईत भिंतीवरच्या इंग्रजी कॅलेंडरवर काढल्यावर मध्ये एक अधिक महिना येतो, हे त्याच्या गावीच नव्हतं! पूर्णगडातल्या कुठल्याही म्हातारीनं सांगितलं असतं. साहेबांना कळणं शक्य नव्हतं, ते ख्रिस्ती. आणि ज्याला कळायला हवं होतं तो पंचांग विसरून भिंग लावून बसला होता.

येसूबाईनं त्याचा चेहरा पाहिला. तिला विज्ञान कळत नव्हतं, पण मुलगा कळत होता.

"लय वाईट झाला काय?"

"हां. त्या सातव्यातलं सगळं खोटं पडलं."

ती रातांब्याचं टोपलं बाजूला सारून जवळ आली. आवाज खाली आणून म्हणाली, "कुणाला म्हाईत हाय? तुला नि मना. मी नाय सांगणार. कालवं काय मुंबईला येऊन सांगणारत?"

हे बोलताना तिची मान खाली होती. त्या बाईचं मुलासाठी राखणदाराच्या नावानं एकदा खोटं बोलून झालं होतं. आता दुसऱ्यांदा बोलायला ती तयार होती.

हरिश्चंद्राला मोह झाला नाही असं म्हणणारा त्याला ओळखत नाही. झाला, आणि चांगला तीन दिवस झाला. वय तेहतीस. सतरा वर्षं दुसऱ्यांचे ट्रे धुतलेले. प्रबंध बांधून तयार. तो रोज सकाळी खडपावर जायचा, तांबड्या ठिपक्यांच्या कालवांसमोर उकिडवा बसायचा आणि परत यायचा. तिसऱ्या दिवशी त्याच्या मनात आलं, की मुंबईत आपण खोटा आकडा दिला तर तो आपला खोटा आकडा होईल हे तर खरंच, पण त्यावर चटई आईची असेल. तिनं ऊनपावसात गुडघे टेकून एकूणएक हीर बरोबर कापला होता. चूक तिच्या हातून झालीच नव्हती. तिच्या खऱ्या मोजमापाला आपण खोट्यात ओढायचं?

घरी येऊन त्यानं ट्रंक उघडली आणि सातव्या प्रकरणावर तिरकी रेघ मारली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एकेक करून बत्तीस पानांवर. आई दारात उभी राहून बघत होती. ती रडली नाही, पण दोन दिवस जेवली नाही. "माज्या उपासापायी तुजा वरीस गेला," एवढंच म्हणत राहिली.

"उपास तुजा बरोबर व्हता, आये," तो म्हणाला. "पंचांग मी विसरलो."

साहेबांनी मुंबईत सगळं ऐकून घेतलं. ते चिडले. "हे कुणाला कधी कळलं नसतं, डोर्लेकर," असंही ते पटकन बोलून गेले, आणि बोलल्यावर स्वतःच खिडकीकडे वळले. मग म्हणाले, की सातवं काढलं तर प्रबंध पंगू होतो. आणखी एक पावसाळा एकही पुनव न चुकता मोजून आणा, म्हणजे देता येईल. वर्ष जाईल. हरिश्चंद्र बरं म्हणाला आणि टेबलं मांडायला गेला. डेमॉन्स्ट्रेटर झाला तरी ती सवय गेली नव्हती.

तो पावसाळा येसूबाईनं मोजला. साठीची बाई, गुडघे धरलेले. खाडी लाल गढूळ, खडपावर शेवाळ, वारा इरलं ओढून न्यायचा. एकदा पाय सरकून कोपर फुटलं, ते तिनं कळवलं नाही. दिवाळीनंतर चटया आल्या, एकही कमी नव्हती. एका चटईवर लाल चिंधीशिवाय आणखी एक तपकिरी डाग होता. हरिश्चंद्रानं तो भिंगाखाली पाहिला आणि काय आहे ते ओळखलं. त्या दिवशी त्याच्यानं पुढचं मोजवलं नाही.

नवीन सातवं प्रकरण साधं झालं. त्यात उडी नव्हती. कालवं पावसाळ्यात मंदावतात आणि आश्विनात पुन्हा हळूहळू वाढतात, एवढंच होतं. छत्तीस सालच्या आलेखात त्यानं भाद्रपदाच्या आधी जागा रिकामी सोडली आणि खाली स्पष्ट लिहिलं, की हा अधिक महिना मोजलेला नाही, कारण मोजणारीचं व्रत होतं.

एकोणचाळीसच्या मार्चमध्ये तोंडी परीक्षा झाली. मद्रासहून आलेल्या परीक्षकांनी नेमकं त्याच पानावर बोट ठेवलं. "ही जागा रिकामी का? दोन्ही बाजू जोडून रेघ ओढता आली असती."

"ओढली होती, साहेब," हरिश्चंद्र म्हणाला, आणि पहिल्या सातव्या प्रकरणाची सगळी कथा त्यानं सांगून टाकली. आपले प्रोफेसर टेबलाखाली पाय हलवत होते हे त्याला दिसत होतं, तरी सांगितली. परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी विचारलं ते भलतंच. "तुमच्या आईला ही चाळीस कालवं खाण्याचा मोह नाही झाला कधी?"

"ती राखणदाराची आहेत, साहेब," हरिश्चंद्र म्हणाला. परीक्षक इतक्या मोठ्यानं हसले की बाहेरच्या पट्टेवाल्यानं दार उघडून पाहिलं.

निकालाचं पत्र जुलैच्या अखेरीस हातात आलं. मुंबई विद्यापीठानं हरिश्चंद्र गंगाराम डोर्लेकर यांना डॉक्टर ही पदवी देण्याचं ठरवलं होतं. त्यानं पत्र तीनदा वाचलं. नंतर प्रयोगशाळेत जाऊन सगळ्या बरण्या उगाच एकदा पुसून काढल्या आणि रजा मागितली. आगबोटी पावसाळ्यामुळे बंद. रेल्वेनं कोल्हापूर, तिथून मोटारनं आंबा घाट उतरून रत्नागिरी, पुढं पावसमार्गे चिखल तुडवत चालत पूर्णगड. पोचला तेव्हा दुपार टळली होती आणि पाऊस नुकता ओसरला होता.

आता त्याच्या खिशात पंचांग असायचं. श्रावणाचा धोंडा चालू होता आणि आज पुनव होती, हे त्याला ठाऊक होतं. आई घरात जपमाळ घेऊन बसली असेल, असं धरून तो अंगणात आला. दाराला दोरी बांधलेली.

"काकी खडपावर हाय," शेजारची मैना कुंपणावरून म्हणाली. "सगळ्यांनी सांगून पायला. धोंड्यात जाव नको, पाप लागंल. ऐकतंय कोण!"

हरिश्चंद्र ट्रंक पडवीत टाकून तसाच खाडीकडे निघाला. सुकती पुरी झाली होती. लांबवर, काळ्या खडपावर एक इरलं वाकलेलं दिसत होतं. तो जवळ गेला तरी तिला चाहूल लागली नाही. तिच्या डाव्या हातात हिरांची जुडी होती, उजव्या हातात कोयती, आणि मांडीवर अर्धी विणलेली चटई. तांबडे ठिपके बहुतेक पुसट झाले होते. ती बोटांनी चाचपून कालव ओळखत होती.

"आये! हे काय करतंस? माजा काम संपलाय गे. कवाच संपलाय."

तिनं मान वर केली. मुलगा दिसला तशी हसली, पण हात थांबवला नाही.

"तुजा संपला असंल. माजा कुटं संपलाय? त्या खेपेला तुजा एक म्हयना मी खाल्ला. तो देऊन टाकते."

"नि उपास?"

"उपास हाय. मासळी तोंडात घेतली नाय. पण मोजते. देवाला सांगितला, आदी पोराचा म्हयना भरून देते, मग काय ती शिक्षा दे."

आंबा घाटात हरिश्चंद्रानं वाक्य जुळवून ठेवलं होतं, पदवीचा अर्थ तिला कळेल असं. ते सगळं विसरलं. नुसता म्हणाला, "आये, मी डॉक्टर झालो."

कोयती हवेत थांबली. येसूबाईनं त्याच्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलले, डोळे भरून आले आणि ओल्या पदरानं तिनं ते पुसले. हात पुढे करून तिनं त्याच्या गालाला स्पर्श केला. गालावर खाडीचा चिखल लागला.

"झालास?" ती म्हणाली. "झालास माज्या बाबा."

तो तिच्या पायांवर वाकला. तिनं त्याला उठवलं, आणि लगेच खाडीच्या तोंडाकडे नजर टाकली. पाण्याची रेघ आत सरकायला लागली होती.

"थांब जरा. भरती सुटली. अजून तेरा ऱ्हायलीत."

डॉक्टर हरिश्चंद्र डोर्लेकर चिखलात गुडघे टेकून बसला. ती हीर कापून देत गेली आणि तो ओवत गेला.